खडपावरचा नांगर

मांजरा धरणाच्या पाणफुगवट्यात होडी घालून मासे धरणाऱ्या कळंबच्या माणसाला एक सोय असते. त्यानं तळ पाहिलेला असतो. धनेगावच्या भिंतीमागचं पाणी उन्हाळ्यात मागे हटतं, उघड्या पडलेल्या काळ्या जमिनीवर लोक गाळपेर करतात आणि बुडालेल्या विहिरींची कडी, बाभळीची खोडं, जुन्या बांधांचे दगड पुन्हा वर दिसू लागतात. मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं त्या 2016 सालच्या दुष्काळात तर ओळखीचा सगळा तळ डोळ्यांसमोर आला. पावसाळ्यात पाणी चढलं की हाच माणूस त्याच जागी नांगर टाकतो. कुठे तो मातीत रुतेल आणि कुठे खोडात अडकून दोर कापावा लागेल, हे त्याला आठवणीवरून सांगता येतं.

मालवणच्या किंवा देवगडच्या तांडेलाचा, म्हणजे होडीच्या प्रमुखाचा, तळ कधी उघडा पडत नाही. आठ-दहा वाव पाण्याखाली (वाव म्हणजे दोन्ही हात पसरून मोजलेली दोराची लांबी, सुमारे 6 फूट) काय आहे हे त्याला दोरावरून, हाताला लागणाऱ्या धक्क्यावरून आणि आता यंत्राच्या पडद्यावरून ओळखावं लागतं. धरणात नांगर अडकला तर फार तर दोर जातो. समुद्रात लाटा उठलेल्या असताना अडकला, तर काही मिनिटांत होडीवर बेतू शकतं.

म्हणून लहान होडीनं खडपावर, म्हणजे समुद्रतळाच्या खडकाळ भागावर, मासे धरायला जाणाऱ्यानं दोन गोष्टी पक्क्या समजून घ्याव्यात. नांगर धरतो तो दोराच्या कोनामुळे. आणि खडपाजवळ नांगर टाकण्याआधीच तो कसा सुटणार हे ठरवून ठेवावं लागतं. पहिली गोष्ट बहुतेकांच्या कानावरून गेलेली असते. दुसरी न जाणल्यामुळे माणसं गेली आहेत, म्हणून या प्रकरणात तिला जास्त जागा दिली आहे.

आधी मुळात खडपावर नांगरायचं कशाला? तांबोशी, गोब्रा असे मासे मोकळ्या वाळूवर फारसे हिंडत नाहीत. ते खडकाच्या कपारी धरून राहतात. त्यातही खडपाच्या सगळ्या बाजू सारख्या नसतात. ज्या अंगानं प्रवाह येऊन खडकावर आदळतो, त्या अंगाला पाण्याबरोबर वाहत आलेले बारीक जीव गोळा होतात, त्यांच्यावर लहान मासे जगतात आणि लहानांवर मोठे. ही कड कधी कधी जेमतेम दहा-बारा मीटर रुंद असते. होडी तेवढीच सरकली तरी गरीचं आमिष ओसाड वाळूवर पडतं. प्रवाह मंद असला तर होडी वाहती सोडून गरवता येतं, पण पाण्याला ओढ असेल तेव्हा त्या कडेवर टिकून राहायला नांगराशिवाय गत्यंतर नाही.

नांगर जड हवा, हा समज फार जुना आहे आणि त्याचा उगमही कळण्यासारखा आहे. पूर्वीचे नांगर दगडाचेच होते. द्वारका आणि बेट द्वारकेच्या समुद्रात शंभराहून जास्त दगडी नांगर सापडले आहेत. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पाणबुड्या पुरातत्त्वज्ञांनी आपल्या विजयदुर्गच्या पाण्यातूनही ऐतिहासिक काळातले दगडी नांगर शोधून त्यांचा अभ्यास केला. त्यांतला एक प्रकार मुद्दाम पाहण्याजोगा आहे: वर निमुळता होत गेलेला दगड, वरच्या टोकाला दोरासाठी गोल भोक आणि खाली दोन चौकोनी भोकं. त्या चौकोनी भोकांत लाकडाच्या खुंट्या ठोकत. तळावर घासत जाताना त्या खुंट्या वाळूत घुसत. नुसत्या वजनावर भागत नाही, हे तो दगड घडवणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं.

भागत का नाही, याचा हिशेब सोपा आहे. पाण्यात बुडालेली वस्तू स्वतःच्या आकाराइतकं पाणी बाजूला सारते आणि तेवढं वजन गमावते. आपल्या मराठवाड्याचा काळा दगड पाण्याच्या सुमारे 2.9 पट जड आहे. म्हणजे काठावर 10 किलो भरलेला धोंडा पाण्यात गेल्यावर साडेसहा किलोंच्या आसपास राहतो. सिमेंटचा ठोकळा याहून वाईट, तो चाळीस टक्क्यांहून जास्त गमावतो. लोखंड तेरा टक्केच गमावतं. पण लोखंडी गोळा झाला तरी तो सपाट तळावरून घरंगळतोच. वाऱ्याचा जोर तर वेगाच्या वर्गानं वाढतो: वारा दुप्पट झाला की होडीवरची ओढ चौपट होते. एवढ्या ओढीला पुरेल असं वजन लहान होडीत नेता येत नाही. नेलं तरी ते उचलणार कोण?

नांगराला तळात घुसायला हवं, आणि तो घुसतो की उपटतो हे ओढ कुठल्या दिशेनं येते त्यावर ठरतं. बैलांच्या लाकडी नांगरानं ज्यानं रान नांगरलं आहे त्याला हे वेगळं शिकवावं लागणार नाही. ओढ जमिनीलगत राहिली तर फाळ आत शिरतो; ओढ वर उचलली गेली की फाळ मातीवरून सरकत जातो. केंब्रिजचे भौतिकशास्त्रज्ञ जी. आय. टेलर हे स्वतः शिडाची होडी हाकणारे. त्यांनी 1933 साली बोटींसाठी नेमका फाळाच्याच आकाराचा नांगर तयार केला. वजनानं हलका असूनही तो जुन्या जड नांगरांपेक्षा जास्त धरी, आणि त्याचे वारसदार आजही जगभर वापरात आहेत.

समुद्रात ओढीची दिशा ठरवणारा एकच भाग आपल्या हातात असतो, तो म्हणजे दोराची लांबी. खोलीच्या दुप्पट दोर सोडला तर ताणलेला दोर तळाशी 30 अंशांचा कोन करतो. तिप्पट सोडला तर साडेएकोणीस, पाचपट सोडला तर साडेअकरा, सातपट सोडला तर आठ अंश. दुपटीवर नांगर जवळजवळ उपटलाच जातो. शांत हवेत, माणसं जागी असताना, थोड्या वेळासाठी तिप्पट चालतो. वारा असेल तर पाचपट. रात्र काढायची असेल तर सातपट. सातपटीच्या पुढे लांबी वाढवून कोन फारसा कमी होत नाही, नुसता दोर खर्ची पडतो.

खोली मोजताना हमखास दोन गोष्टी राहून जातात. पहिली भरती. मुंबईकडे मोठ्या उधाणाला पाणी चार-पाच मीटर चढतं, मालवणकडे त्याच्या निम्म्याच्या आसपास. दुसरी, पाण्यापासून होडीच्या नाळेपर्यंतची, म्हणजे पुढच्या टोकापर्यंतची, उंची. समजा ओहोटीच्या वेळी 14 मीटर पाणी मोजलं आणि पाचपटीनं 70 मीटर दोर सोडला. भरतीला दोन मीटर पाणी चढलं, नाळ पाण्यावर एक मीटर, म्हणजे खरी उंची 17 मीटर. सोडलेला दोर आता चारपटीच्या थोडा वर उरला, तोही नेमका वारा सुटायच्या वेळेला. हिशेब 17 चाच धरायला हवा होता, म्हणजे 85 मीटर.

दोराच्या तळाकडच्या टोकाला चार-सहा मीटर साखळी लावावी. तिच्या वजनानं ओढ तळालगत राहते, आणि खडकाच्या धारेवर घासली तरी ती कापली जात नाही. दोर नायलॉनचा चांगला. तो पाण्यात बुडतो आणि ताणला जातो, त्यामुळे लाटेचा हिसका नांगरापर्यंत पोचेस्तोवर बोथट होतो. बाजारात स्वस्त मिळणारा प्लॅस्टिकचा तरंगणारा दोर या कामाला नको; सैल पडला की तो पाण्यावर येतो आणि इंजिनाच्या पंख्यात जातो.

आता जागा शोधणं. यंत्रं येण्याआधी किनाऱ्यावरच्या खुणांवरून खडप शोधत, आणि आजही जाणती माणसं त्या खुणा विसरलेली नाहीत. देवळाचा कळस आणि मागच्या डोंगराचा सुळका एका रेषेत आला, शिवाय दुसऱ्या अंगाला किल्ल्याचा बुरूज आणि अमुक माड एका रेषेत आला, की त्या दोन रेषा छेदतात तिथे खडप. केरळात तिरुवनंतपुरमकडचे मच्छीमारही समुद्रतळाचे खडक याच रीतीनं ओळखतात आणि ते ज्ञान घराण्यात जपतात. जीपीएसचा आकडा त्या दोन रेषांचंच काम करतो. मात्र मोबाइल भिजला किंवा बॅटरी संपली तरी कळस जागेवरच असतो, म्हणून नव्या माणसानं खुणा जरूर शिकाव्यात.

जागा सापडली तरी तळ कसा आहे हे कळायला हवं. फिश फाइंडरच्या पडद्यावर खडकाची रेघ जाड, उंचसखल दिसते आणि वाळूची सपाट. यंत्र नसलं तर खलाशांचा शेकडो वर्षांचा उपाय आहे: शिशाच्या ओळंब्याच्या बुडाला खळगा करून त्यात चरबी भरायची आणि तो दोरानं तळापर्यंत सोडायचा. वर घेतल्यावर चरबीला वाळू चिकटली असेल, शिंपल्यांचा चुरा असेल, किंवा काहीच नसून चरबीवर नुसता ठसा उमटला असेल. काही न चिकटता ठसा आला, तर खाली उघडा खडक आहे.

हे सगळं करायचं ते नांगर खडकावर टाकण्यासाठी नाही, तर खडक टाळण्यासाठी. नांगर वाळूत पडला पाहिजे आणि होडी खडपाच्या कडेवर आली पाहिजे. नवख्याची चूक इथेच होते: मासे जिथे दिसले तिथेच तो नांगर सोडतो, होडी दोराच्या लांबीइतकी मागे जाते आणि मासे पुढेच राहतात. त्यापेक्षा दोरी-वजन बांधलेला एखादा लहान बोया खडपाच्या कडेवर सोडावा, इंजिन बंद करून दोन-चार मिनिटं होडी कुठे वाहते ते पाहावं आणि मग त्याच्या नेमक्या उलट दिशेनं, पाण्याच्या तोंडावर जावं. पाणी 20 मीटर खोल असेल आणि 60 मीटर दोर सोडायचा असेल, तर नांगर बोयापासून प्रवाहाच्या वरच्या अंगाला सुमारे 57 मीटरवर पडला पाहिजे. तो फेकू नये. फेकला की साखळी त्याच्याच नखांत गुंतते. हातानं सोडत तळाला टेकवावा, होडी मागे जाऊ द्यावी, दोर थोडा थोडा ढिला करत शेवटी आवळावा. धरलेल्या दोरावर हात ठेवला की नांगराची स्थिती कळते. रुतला असेल तर दोर ताणून घट्ट लागतो, घसरत असेल तर दोरातून बारीक थरथर हाताला येते.

दोर बांधायचा तो नाळेलाच, दुसरीकडे कुठेही नाही. जवळ धारदार सुरी असावी. एवढं पाळलं की निम्मं काम झालं.

कोकणात हिवाळ्याच्या दिवसांत आणखी एक पेच येतो. पहाटे जमिनीकडून मतलई वारा सुटलेला असतो, त्यामुळे नांगरलेल्या होडीचं तोंड पूर्वेला असतं. दुपारकडे वारा फिरतो आणि समुद्राकडून वाहू लागतो. होडी गोल फिरते, आणि सकाळी पश्चिमेकडे ओढून रुतवलेल्या नांगराला आता उलट दिशेनं ओढ बसते. वाळूत तो उपटून पुन्हा रुतू शकतो. खडपाजवळ मात्र फिरता दोर एखाद्या सुळक्याला वेढा घालतो. मग 60 मीटर सोडलेला असला तरी कामाचा दोर 25 मीटरच उरतो, आणि लाट आली की नाळ खाली खेचली जाते. वारा पडून पाणी गुळगुळीत झालं की विश्रांती न घेता नांगर वर घ्यावा आणि नव्या वाऱ्याचा अंदाज घेऊन पुन्हा टाकावा, असं माझं ठाम मत आहे. कंटाळा आला तरी.

एवढी काळजी घेऊनही नांगर कधीतरी खडकात जातोच. त्यासाठी खडपावर वापरायचा नांगर वेगळा करतात. एका लोखंडी नळीतून चार-पाच सळया काढून त्यांची टोकं बाहेर वाकवायची. गेट-खिडक्या करणारा कुठलाही वेल्डर तासाभरात तो बनवून देईल. सळई मुद्दाम मऊ लोखंडाची घेतात. जोर लावला की वाकलेलं नख सरळ होतं आणि सुटतं. वर घेतल्यावर पाइप घालून पुन्हा वाकवायचं.

त्याहून महत्त्वाची आहे साखळी बांधायची रीत, म्हणून ती नीट पाहू. साखळी नेहमीसारखी नांगराच्या वरच्या कडीत अडकवायची नाही. ती बुडाला, म्हणजे सगळी नखं जिथे जुळतात तिथे, शॅकलनं पक्की करायची. मग ती दांड्याच्या कडेनं वर आणायची आणि वरच्या कडीला नुसत्या सुतळीचे तीन-चार वेढे देऊन बांधायची. दिवसभर ओढ सुतळीतून, म्हणजे कडीतून येते आणि नांगर सरळ धरून राहतो. निघायच्या वेळी तो अडकला असेल तर होडी हळूहळू त्याच्या बरोबर वर आणायची, दोर उभा करायचा आणि नाळेला पक्का धरायचा. लाटेबरोबर होडी वर उचलली की सुतळी तुटते. तुटताच ओढ बुडाकडे जाते, आणि जी नखं पुढच्या बाजूनं अडकली होती ती मागून निघतात. सुतळी किती वेढ्यांची हवी हे किनाऱ्यावरच एखाद्या खांबाला नांगर अडकवून पाहावं: दोन माणसांच्या साध्या ओढीला टिकली पाहिजे, हिसक्याला तुटली पाहिजे. ही रीत जागं राहून दिवसा गरवण्यासाठी आहे. वारा वाढत असताना किंवा रात्रीच्या मुक्कामाला ती वापरू नये. तेव्हा सुतळी तुटणं म्हणजे होडी मोकाट सुटणं.

अडकलेला नांगर सोडवताना एक गोष्ट कधीही करू नये, आणि ती का, हे फ्लोरिडातल्या एका दुर्घटनेवरून कळतं. 28 फेब्रुवारी 2009 रोजी चार तरुण मित्र 21 फुटी होडी घेऊन मेक्सिकोच्या आखातात खोल पाण्यावर मासेमारीला गेले. त्यांतले मार्क्विस कूपर आणि कोरी स्मिथ हे अमेरिकन फुटबॉलचे व्यावसायिक खेळाडू, धडधाकट माणसं. परत निघताना नांगर निघेना. त्यांनी दोर होडीच्या मागच्या टोकाला बांधला आणि इंजिनाच्या जोरानं तो उपटायचा प्रयत्न केला. नांगर हलला नाही. इंजिनाचं वजन आधीच मागे, त्यात दोरानं मागचं टोक खाली खेचलं, पाणी आत आलं आणि होडी पालथी झाली. हवा बिघडत होती, पाणी थंड होतं. दोन दिवसांनी तटरक्षक दलाला उलट्या होडीवर चौघांपैकी एकच जण जिवंत सापडला. अधिकृत चौकशीतही मागच्या टोकाला बांधलेला दोर हेच कारण पुढे आलं.

नाळ उंच असते आणि लाट चढण्यासाठी घडवलेली असते. मागचं टोक ठेंगणं, सपाट आणि जड. ज्याला हा फरक समजला तो मागून दोर कधी बांधणार नाही. नांगर निघतच नसेल तर दोर कापावा. सोबत दुसरा नांगर असला की सुरी चालवताना हात अडखळत नाही.

किनाऱ्यापासून फार दूर असलेल्या खडपांचं वेड अलीकडे वाढतं आहे, म्हणून आंग्रिया बँकबद्दल दोन शब्द. कान्होजी आंग्र्यांचं नाव लाभलेलं हे बुडालेलं प्रवाळ-पठार विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभराहून जास्त किलोमीटरवर आहे, सुमारे 40 किलोमीटर लांब आणि 15 रुंद. त्याचा माथासुद्धा पाण्याखाली वीसेक मीटरवर, आणि कडा एकदम खोल समुद्रात उतरतात. आडोशाला ना बेट ना खाडी. पाचपटीच्या हिशेबानं माथ्यावरही शंभर मीटरवर दोर लागेल, आणि हवा फिरली तर बंदर गाठायला अख्खा दिवस. लहान होडीनं तिथे जाऊ नये.

तिथेही आणि मालवणलाही खडकाचा वरचा थर जिवंत आहे. दगडासारखे दिसणारे गोल गरगरीत प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंटीमीटर वाढतात. साखळीच्या एका फेऱ्यात जो तुकडा निघतो, तो कदाचित तांडेलाच्या आजोबांच्या वेळचा असतो. आणि ज्या कपारींत तांबोशी राहते त्या या प्रवाळांनीच घडवलेल्या असतात. त्या मोडल्या की पुढच्या वर्षी तिथे गरी टाकण्यात अर्थ उरत नाही. सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाभोवतीचा 29.12 चौरस किलोमीटर समुद्र 13 एप्रिल 1987 रोजी मालवण सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला. खडप घडवणाऱ्या प्रवाळांना 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत, जागा आहे. कायद्याचा धाक आहेच, पण नांगर वाळूत टाकायची सवय मच्छीमाराच्याच फायद्याची आहे, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

जिथे एकाच खडपावर रोज होड्या येतात तिथे मात्र कितीही जपलं तरी नुकसान टळत नाही. यावर फ्लोरिडातल्या की लार्गो इथे जॉन हालास यांनी 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला एक साधा उपाय केला. खडकात भोक पाडून त्यात स्टेनलेस स्टीलची खुंटी सिमेंटनं कायमची बसवायची, तिला तरंगता दोर जोडायचा आणि वर बोया सोडायचा. येणाऱ्या होडीनं बोयाचा दोर नाळेला अडकवायचा. नांगर पाण्यात जातच नाही. ही रीत पुढे जगातल्या अनेक प्रवाळसमुद्रांत पसरली. मालवणच्या गर्दीच्या प्रत्येक खडपावर असे बोये असावेत आणि त्यांची देखभाल तिथल्याच मच्छीमारांच्या संस्थांकडे असावी, कारण बोयाचा दोर झिजला आहे का हे दररोज त्याच्या जवळून जाणारा माणूसच पाहू शकतो.